डिस्चार्ज कोण ठरवतं, डॉक्टर की कागद?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

हिशेबाच्या वह्या जरा बाजूला ठेवा. आज तुम्हाला तीन खाटांची गोष्ट सांगते.

लावणीच्या दिवसांत माझ्या सासूबाई बांधावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. शहापूरहून त्यांना कल्याणला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे सरकारी योजना चालत होती. त्याच वॉर्डात हाड मोडलेले आणखी दोघं होते. एक डोंबिवलीच्या आजी, त्यांना मुलाच्या कंपनीचा मेडिक्लेम. दुसरा मुरबाडकडचा एक भाऊ, त्याच्याकडे विमा नाही, सगळं रोखीनं.

दुखणं तिघांचं सारखंच. पण दिवस बघा.

सासूबाई ऑपरेशनच्या आधीच चार दिवस नुसत्या पडून होत्या. रेशनकार्डावर त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, म्हणून मंजुरी अडकली. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्याच दिवशी निरोप आला, उद्या घरी न्या. डोंबिवलीच्या आजींचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं, पण त्या आठ दिवस राहिल्या. शेवटच्या दिवशी तर सकाळपासून पिशव्या भरून बसलेल्या, विमा कंपनीचं उत्तर यायला संध्याकाळ झाली. आणि मुरबाडचा भाऊ? तिसऱ्या दिवशी 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून गेला. वहिनीनं गळ्यातलं गहाण टाकलं होतं, आणखी दिवस परवडणार नव्हते. पंधरा दिवसांत जखम चिघळली आणि तो परत त्याच वॉर्डात आला. दुसरं बिल पहिल्याहून मोठं.

तेव्हा मला कळलं की खाटेवरचे दिवस नुसतं दुखणं ठरवत नाही. पैसे कोण देणार आणि कसे देणार, हेही ते ठरवतं.

कसं ते समजून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनला पॅकेज असतं, म्हणजे सगळं मिळून एक ठरलेली रक्कम. खाट, डॉक्टर, औषधं, जेवण त्यातच. पेशंट चार दिवस राहिला काय, आठ दिवस राहिला काय, दवाखान्याला पैसे तेवढेच. मग खाट लवकर मोकळी करावी असं त्यांना वाटणारच. मेडिक्लेममध्ये बऱ्याचदा दिवसाप्रमाणे बिल लागतं. तिथे दिवस वाढले की बिल वाढतं. आणि रोखीवाला तर खिसा रिकामा झाला की उठतो, बरा झाला असो की नसो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यानं १९८३ मध्ये दिवसांऐवजी आजाराप्रमाणे ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. दवाखान्यातले दिवस भराभर कमी झाले. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मृत्यू वाढले नव्हते, पण प्रकृती स्थिर नसताना घरी पाठवलेल्यांचं प्रमाण वाढलं होतं.

म्हणजे जास्त दिवस चांगले आणि कमी वाईट, असं धरून चालू नका. जास्त पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, दुसरा संसर्ग लागतो, सोबतच्या बाईची मजुरी बुडते ती वेगळीच. प्रश्न एवढाच विचारायचा: माणूस बरा झाला म्हणून घरी पाठवताय, की कागद संपला म्हणून?

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते.

पहिलं, कागद आजच बघा. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, पिवळं, केशरी, पांढरंसुद्धा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण नावं जुळली पाहिजेत. माझ्या सासूबाईंचे चार दिवस एका नावानं खाल्ले.

दुसरं, दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात ते असतात. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. मला हे चौथ्या दिवशी कळलं. तुम्हाला आधीच माहीत असू दे. अडलं तर १५५३८८ हा नंबर फिरवा.

तिसरं, नवरा किंवा मुलगा अंबरनाथ-डोंबिवलीच्या कंपनीत असेल तर पगारातून ईएसआय कापतात का बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना हा कामगार विमा लागू होतो. उल्हासनगरला आणि ठाण्यात वागळे इस्टेटला त्यांची इस्पितळं आहेत. ठरलेली वर्गणी भरलेली असेल तर कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात. मग कामावर जायची घाई करून टाके उसवायची वेळ येत नाही.

चौथं, मेडिक्लेम असेल तर २०२४ चा नियम लक्षात ठेवा. डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीनं तीन तासांत द्यायची आहे. उशिरामुळे दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं भरायचे, आपण नाही.

पाचवं, बाळंतपण. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत जेवण फुकट मिळतं, घरी सोडायला गाडीही मिळते. बाळंतिणीनं निदान ४८ तास थांबायलाच पाहिजे, कारण रक्तस्रावाचा धोका पहिल्या दोन दिवसांतच जास्त. 'घरी कामं पडलीत' म्हणून दुसऱ्या सकाळी सुनेला उठवून आणू नका. इथे आपल्याला कोणी हाकलत नाही, आपणच घाई करतो.

आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना हे विचारल्याशिवाय खाट सोडायची नाही: ताप आहे का? जखम कोरडी आहे का? पुन्हा कधी यायचं? काय झालं तर लगेच यायचं? सुट्टीनंतरची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्ये किती दिवस आहेत? आयुष्मान भारतमध्ये सुट्टीनंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. बऱ्याच बाया ती औषधं मेडिकलमधून स्वतःच्या पैशानं आणतात.

विचारायला लाजू नका. आपण बँकेत साहेबासमोर बसून कर्जाचं व्याज विचारतो ना? मग डॉक्टरांना का नाही?

सासूबाई आता काठी घेऊन अंगणात फिरतात. पण मुरबाडच्या त्या वहिनीचं मंगळसूत्र सुटलं की नाही, मला माहीत नाही. तिच्या गटात कोणी एकीनं जरी तिचं रेशनकार्ड आधी बघितलं असतं, तर ते गहाण पडलंच नसतं.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं रेशनकार्ड आणि घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं घेऊन यायची. आधी नावं जुळवू, मग बचत गोळा करू.