कुलूपबंद ग्रंथ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने एका सिनेमावर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. ज्याला पुस्तके सहजासहजी मिळत नाहीत, त्याला एक प्रश्न फार लवकर पडतो: हे पुस्तक कोणाच्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे? आज आम्ही ज्या सिनेमाविषयी बोलणार आहोत, तो वरवर पाहता सैतानाचा असला तरी खरे म्हणजे ह्या किल्लीचाच आहे.

सिनेमाचे नाव 'द नाइन्थ गेट', म्हणजे नववे दार. रोमान पोलान्स्की ह्या दिग्दर्शकाने तो १९९९ साली काढला. आर्तुरो पेरेझ-रेव्हर्ते ह्या स्पॅनिश लेखकाच्या १९९३ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. कथा थोडक्यात अशी. बाल्कन नावाच्या एका धनाढ्य संग्राहकापाशी १६६६ साली व्हेनिसला छापलेले एक पुस्तक आहे. ते छापणाऱ्याला धर्मपीठाने त्याच्या ग्रंथांसकट जाळले. जगात तीनच प्रती उरल्या. त्यातील नऊ चित्रांचे कोडे जो सोडवील, त्याला सैतानाचे बळ लाभेल अशी समजूत. तिन्ही प्रती ताडून पाहण्यासाठी बाल्कन कॉर्सो नावाच्या ग्रंथांच्या दलालाला पोर्तुगाल आणि पॅरिसला पाठवतो. कॉर्सो जिथे जातो तिथे मुडदा पडतो, आणि एकेक प्रत आगीच्या भक्ष्यस्थानी पडते.

ह्या दलालाची ओळख दिग्दर्शकाने आरंभीच करून दिली आहे. एका आजारी वृद्धाच्या घरी त्याचे वारस पुस्तके विकायला निघालेले असतात. कॉर्सो इतर पुस्तकांची भरमसाट किंमत सांगून त्यांना हुरळून टाकतो आणि 'डॉन किहोते'ची १७८० सालची चार खंडांची दुर्मीळ आवृत्ती मात्र किरकोळ पैशांत पदरात पाडून घेतो. म्हातारा खुर्चीत जखडलेला. त्याला सारे कळते, पण बोलता येत नाही. आमच्या मते ह्या सिनेमातले सर्वांत भयंकर दृश्य हेच. सैतान शेवटपर्यंत कुठे दिसत नाही; पण अडाण्याच्या घरातून ज्ञान स्वस्तात उचलून नेणारा माणूस पहिल्या काही मिनिटांतच दिसतो.

दुसरी एक गोष्ट आम्हाला, कामगार ह्या नात्याने, विशेष वाटली. ह्या सबंध कथेत पुस्तक ही हाताने घडवलेली वस्तू आहे हे जाणणारी माणसे दोनच: टोलेडो गावचे दोघे बांधणीकार भाऊ. कागद, शाई, शिवण त्यांना बोटांनी कळते. अखेरीस बाल्कन सारी चित्रे गोळा करतो, आता आपल्याला आग शिवणार नाही ह्या घमेंडीत स्वतःला पेटवून घेतो आणि किंचाळत जळतो. कारण नववे चित्र बनावट असते. अस्सल पान त्या बांधणीकारांच्या दुकानात, कपाटावर धूळ खात पडलेले असते. कोट्यधीशाला पैशाने जे मिळाले नाही ते कारागिराच्या कपाटावर होते. दिग्दर्शकाच्या मनात हा अर्थ असो वा नसो, आम्ही तो घेतला.

आता कोणी म्हणेल, की ही परदेशची गोष्ट. तिचा सावित्रीच्या खोऱ्याशी काय संबंध? आमचे म्हणणे असे, की संबंध फार जवळचा आहे. तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी आपल्याकडे घरोघर होती. तिला हळदकुंकू वाहायचे, पण सोडायची नाही. भगताच्या चोपडीत काय लिहिले आहे हे कोणी पाहिलेले नसते, म्हणूनच तिचा धाक. अघोरी प्रथा आणि जादूटोणा ह्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला. परंतु न उघडलेल्या ग्रंथाचा धाक नुसत्या कायद्याने जात नाही. तो ग्रंथ उघडल्यानेच जातो. ह्याचे दोन दाखले ह्याच मुलखात आहेत, आणि दोहोंचे साल एकच आहे: १९२७.

पहिला दाखला पोलादपूरचा. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ह्या परमानंदांनी शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांचे चरित्र संस्कृतात रचले, ते 'शिवभारत'. पोलादपूरच्या माथ्यावरच्या प्रतापगडाखाली १६५९ साली जे घडले, ते त्यात आहे. पण हा ग्रंथ पोलादपुरात राहिला नाही, रायगडावरही राहिला नाही. त्याची हस्तलिखित प्रत सापडली ती शेकडो कोस दूर, तंजावरच्या भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. ते ग्रंथालय १९१८ साली सर्वांना खुले झाले. आणि सदाशिव महादेव दिवेकर ह्यांनी तिथली प्रत शोधून १९२७ साली 'शिवभारत' मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. ग्रंथ अपुरा आहे. बत्तिसाव्या अध्यायात तो तुटतो. पुढची पाने कुठे गेली, ह्यावर एखादा रहस्यपट सहज निघेल! पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दिवेकर आणि कॉर्सो हे दोघेही दुर्मीळ ग्रंथांचे शोधक. एकाने शोधले ते एका धनिकासाठी. दुसऱ्याने शोधले ते छापून सर्वांच्या हाती देण्यासाठी.

दुसरा दाखला ह्या महाडचा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच, १९२४ साली केला होता. पण तो कागदावरच होता. डिसेंबरात परिषद पुन्हा भरली. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्यांनी ठराव मांडला, पां. ना. राजभोज ह्यांनी अनुमोदन दिले, आणि २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

आम्हाला पुष्कळदा विचारतात, की तुम्ही वाचनाचे भोक्ते, मग ग्रंथ जाळण्याचे समर्थन कसे करता? ह्याचे उत्तर ह्या सिनेमात आहे. तिथेही पुस्तके जळतात. पण ती कशासाठी? दुसऱ्या कोणालाही वाचता येऊ नयेत म्हणून. चोरून, एकट्याने, रहस्य आपल्यापाशीच राहावे म्हणून. महाडची आग भर सभेत, ठराव मांडून, कारणे सांगून लावलेली. तिने मनुस्मृती नाहीशी झाली नाही. ती आजही कोणालाही विकत मिळते. नाहीसे करायचे होते ते तिचे अधिष्ठान. ज्यांना शतकानुशतके तो ग्रंथ ऐकण्याचीही मनाई होती, त्यांच्यासमोर तो काय आहे हे उघड सांगितले गेले, तेव्हाच त्याचा मंत्र उतरला. आणि ज्या पुरुषाच्या नेतृत्वाखाली हे झाले, त्यानेच पुढे दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. ग्रंथांचा द्वेष्टा असे घर बांधत नाही.

पहिल्या परिषदेसाठी खपणारे रामचंद्र बाबाजी मोरे ह्याच मातीतले. पुढे त्यांनी कम्युनिस्ट पक्षात राहून कामगारांचे संघटन केले. त्यांचे आत्मचरित्र 'शिवभारता'सारखेच अपुरे राहिले. पण ते पोटमाळ्यावर पडले नाही. त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे ह्यांनी पुढची हकीकत लिहिली आणि ते वाचकांपर्यंत नेले.

आता आमच्या रोजच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे स्टँडिंग ऑर्डर्स बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दारापाशी लावावेत, अशी तरतूद १९४६ च्या कायद्यात होती. एका कारखान्यात, त्याचे नाव घेत नाही, एका कामगाराला अमुक कलमाखाली चार्जशीट मिळाली. ते कलम त्याने जन्मात पाहिले नव्हते. पुस्तक साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. आम्ही नक्कल मागितली. तीन महिने ती मिळेना. मिळाली तेव्हा चौघांनी रात्री बसून ती वहीत उतरवली आणि जेवणाच्या सुटीत मोठ्याने वाचली. त्या कलमातच लिहिले होते, की चौकशीवाचून शिक्षा करता येणार नाही! माणूस कामावर परतला. त्या पुस्तकात सैतान नव्हता. चाळीस पाने होती. पण कुलूप होते तोवर सारे खाते त्याला भीत होते.

तात्पर्य, दुर्मीळ ग्रंथ ही मुळात भिण्याची किंवा पुजण्याची वस्तू नव्हे. ग्रंथ दुर्मीळ होतो, कारण कोणीतरी त्याच्या नकला होऊ देत नाही, किंवा कोणी करतच नाही. २००५ आणि २०२१ च्या जुलैतले पूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. ह्या बाजारपेठेत घरांत पाणी शिरले की कागद पहिल्याने जातो. म्हणून आमची विनंती एवढीच: ज्यांच्या घरी जुने बाड, पोथी, मोडीतले दप्तर असेल त्यांनी ते ह्या पावसाळ्यापूर्वी सोडावे, जाणकाराला दाखवावे, नक्कल करून एक प्रत वाचनालयात द्यावी. दारात दलाल आला, तर विकण्यापूर्वी निदान वाचून घ्यावे. आणि कामगार बंधूंनी आपले नेमणूकपत्र आज रात्री घरी जाऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

नवव्या दारापलीकडे काय आहे ते बाल्कनला कळले नाही. आपल्यापुढचे दार एकच आहे, कपाटाचे. ते उघडायला मंत्र लागत नाही.