पाळी, मुखत्यारी आणि दप्तर : एक स्वागताध्यक्षीय भाषण



स्वागताध्यक्षाने यजमान गावाची थोरवी गावी आणि परिषदेच्या मुख्य विषयाला हात न लावता खाली बसावे, असा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. त्यातील पूर्वार्ध मी थोडक्यात पाळणार असून उत्तरार्ध मोडणार आहे. कऱ्हेकाठच्या या बारामतीत मोरोपंतांनी आपले कविजीवन वेचले आणि अष्टोत्तरशत रामायणे रचली, त्यांतील एकात तर ओष्ठ्य वर्णांना प्रवेशच दिला नाही. शेजारच्या इंदापुराशी मालोजीराजे भोसल्यांचे नाव निगडित आहे. त्याच तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविले. आणि उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते पाहण्यास आपण सवड काढावी अशी माझी शिफारस आहे. थोरवी येथे संपली.

परस्परांशी सहकार्य करणाऱ्या एआय एजंटांचे जाळे फ्रेमवर्कच्या साहाय्याने कसे उभारावे, हा विषय घेऊन आपण पुण्यामुंबईची वातानुकूलित सभागृहे सोडून या तालुक्याच्या ठिकाणी का आलात, असे मला अनेकांनी विचारले. त्याचे एक उत्तर सर्वश्रुत आहे. येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट व कृषि विज्ञान केंद्र यांनी मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसाच्या शेतात हवामान केंद्र, मातीतील सेन्सर आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची सांगड घालून जो प्रयोग चालविला, त्याचा उल्लेख 2025 च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी जाहीरपणे केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने कृषिक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून त्यासाठी पाचशे कोटी रुपयांची तरतूद ठरविली. परंतु माझे स्वतःचे उत्तर याहून जुने आहे, आणि ते या गावच्या पाटातून वाहते.

नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, आणि तेव्हापासून या मुलखाला एकच प्रश्न पिढ्यानपिढ्या सोडवावा लागला आहे: ज्यांची गरज एक, परंतु ज्यांचे हित प्रत्येक घटकेला एक नाही, अशा शेकडो माणसांनी एका प्रवाहावर एकत्र कसे नांदावे? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर गट-पद्धती आणली, ती याच प्रश्नाची मीमांसा होती. उसाचे क्षेत्र मर्यादित करावे, उरलेल्या गटात इतर पिके फिरती ठेवावीत, आणि त्या शिस्तीच्या बदल्यात बागायतदाराला पाण्याची हमी द्यावी, असा तो करार होता. पुढे शेजपाळी रूढ झाली. सात नंबरच्या नमुन्यात अर्ज द्यावयाचा, मंजुरी घ्यावयाची, मग पाळीपत्रक लागावयाचे, आणि पुच्छाकडून मुखाकडे, शेतामागून शेत, पाणी सरकत जावयाचे. पाटकऱ्याने चारीचे दार किती वेळ उघडे ठेवावे हे पाळीपत्रक ठरवीत असे, आणि पाळी चुकविणाऱ्याचे नाव कालवा निरीक्षकाच्या वहीत चढत असे. ही वही नसती, तर मुखाकडच्या मंडळींनी इंदापूरकडच्या शेवटच्या गावांपर्यंत पाण्याचा टिपूस पोहोचू दिला असता, असे मानण्याइतका मी मनुष्यस्वभावाविषयी आशावादी नाही.

आता एजंटांकडे वळतो. भाषेचे प्रतिमान, त्याच्या हाती दिलेली काही साधने, मागचे स्मरण ठेवणारी एक वही, आणि काम पुरे होईपर्यंत विचार करावा, कृती करावी, परिणाम पाहावा व पुन्हा विचार करावा असे फेरे घेण्याची मुभा, एवढे एकत्र आले म्हणजे एजंट सिद्ध होतो. असे अनेक एजंट एका कामावर नेमले की त्यांच्यात काम वाटून देणे, निरोपांची देवाणघेवाण करणे, कोठवर आले ते नोंदविणे आणि केव्हा थांबावे ते सांगणे यासाठी जी व्यवस्था लागते ती फ्रेमवर्क पुरविते. ही कल्पना काल-परवाची नव्हे. रीड स्मिथ यांनी 1980 साली मांडलेल्या काँट्रॅक्ट नेट पद्धतीत एक यंत्र काम जाहीर करी, इतर यंत्रे बोली लावीत, आणि योग्य बोलीवाल्यास काम मिळे. आमच्या बांधकाम खात्यातील कोणत्याही अव्वल कारकुनाने ही रीत क्षणात ओळखली असती. अलीकडे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2023 साली ऑटोजेन आणले, त्यात एजंट परस्परांशी संभाषण करून काम पुढे नेतात. लँगग्राफमध्ये कामाचा नकाशा आधीच आखून प्रत्येक टप्प्याची स्थिती जतन केली जाते. क्रूएआयमध्ये प्रत्येकास हुद्दा नेमून दिला जातो. साधनांशी बोलण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी, आणि एजंटांनी एजंटांशी बोलावे म्हणून गूगलने एप्रिल 2025 मध्ये ए-टू-ए, असे संकेत प्रसिद्ध केले.

यांपैकी कोणते श्रेष्ठ, याचा निवाडा येथील विद्वान करतील. मला मात्र निरोपाविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत, कारण जाळ्याचा घात बहुधा निरोपातच होतो. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते आणि आमचा शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. उतारा वाचणाऱ्या एजंटाने 0.40 एवढाच आकडा पुढे धाडला, आणि पुढच्याने तो एकराचा समजला, की एकरभर ऊस सोळा गुंठ्यांचा होऊन बसतो. त्यानंतर खताचा हिशेब करणारा, पाण्याचा हिशेब करणारा आणि टनेजचा अंदाज बांधणारा असे तिघेही आपापले गणित बिनचूक करतील, एकमेकांची बेरीज ताडून पाहतील आणि एकमुखाने चूक ठरतील. एकमत म्हणजे खातरजमा नव्हे, हे संचालक मंडळांच्या बैठकी पाहिलेल्यांस वेगळे सांगावयास नको. शिवाय प्रत्येक टप्प्यावर शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर उतरणारे काम दहा टप्प्यांच्या अखेरीस शंभरात साठाच्या आसपास, आणि वीस टप्प्यांच्या अखेरीस अवघ्या छत्तीस वेळा बरोबर उतरते. आणि दहा एजंट प्रत्येकाशी प्रत्येक असे बोलू लागले तर पंचेचाळीस जोड्या होतात, वीस झाले तर एकशे नव्वद. म्हणून माझे भिडस्त मत असे की, जे काम एका एजंटाने नीट होते तेथे दुसरा नेमू नये. उपसमित्या नेमण्याची खोड आम्हा सहकारातील मंडळींना आहेच; ती यंत्रांना लावण्याचे पाप परिषदेने करू नये.

जेथे जाळ्यावाचून गत्यंतर नाही, असे एक काम मात्र मी आपल्यापुढे ठेवतो. गळिताच्या हंगामात ऊसतोडणीचा प्रोग्राम लावणे हे या दोन्ही तालुक्यांतील सर्वांत तापदायक काम आहे. लागवडीची नोंद, आडसाली की खोडवा, उपग्रहाने दाखविलेली पक्वता, पावसाचा अंदाज, टोळ्या कोठे आहेत, वाहने किती मोकळी आहेत, कारखान्याच्या गाडीतळावर किती गर्दी आहे, या प्रत्येक गोष्टीचा जाणता निराळा असतो, आणि त्यांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही. पक्वता पाहणारा एजंट म्हणेल, साखरेचा उतारा भरात आहे, आजच तोडा. हवामान पाहणारा म्हणेल, परवा पाऊस आहे, काळ्या रानात ट्रॅक्टर रुतेल, तेव्हा आधी सखल रान मोकळे करा. वाहतुकीचा म्हणेल, आज गाडीच नाही. समन्वय करणाऱ्या एजंटाने यातून क्रम लावावा, हे ठीक. परंतु तोडणीची चिठ्ठी निघाली आणि एखाद्या सभासदाचा नंबर मागे गेला, तर तो गट कार्यालयात येऊन एकच प्रश्न विचारतो: माझा नंबर का डावलला? त्या वेळी "यंत्राने ठरविले" हे उत्तर ज्याच्या तोंडून निघेल, त्याची चिटबॉयच्या टेबलापाशी काय अवस्था होईल ते मी सांगत नाही. कोणत्या एजंटाने कोणत्या तारखेस काय कळविले, समन्वयकाने कोणते कारण ग्राह्य धरले, आणि कोणत्या शेतकी अधिकाऱ्याने त्यावर सही केली, हे त्या सभासदास त्याच्याच भाषेत, त्याच ठिकाणी दाखविता आले पाहिजे.

येथे आमच्या सहकाराच्या अनुभवाचा उपयोग आहे, असे मी नम्रपणे सुचवितो. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे ठेवला आणि हिशेब-तपासणीची सक्ती केली. पोटनियमांनी प्रत्येकाची मुखत्यारी आखून दिली. आमच्या संस्थांतून हे सर्व नेहमी पाळले गेले, असा दावा मी करणार नाही, श्रोत्यांत हसू पिकेल. परंतु जेथे बिघाड झाला तेथे तो कोठे झाला हे शोधता आले, ते इतिवृत्ताच्या वहीमुळे. म्हणून फ्रेमवर्क रचणाऱ्यांना माझी विनंती आहे: एजंटास वाचण्याचा अधिकार वेगळा द्या, लिहिण्याचा वेगळा, आणि पैसा हलविण्याचा शक्यतो देऊच नका, वाचावयास दिलेल्या कागदात कोणी हुकूम लिहून ठेवला, तर त्या कागदाचा तो ताबेदार होऊ नये, अशी तजवीज करा, आणि ज्या सहीने कोणाचे पीक, पाणी वा पैसा यांवर परिणाम होतो, ती सही माणसाचीच ठेवा. ही विनंती मी यंत्राच्या अविश्वासाने करीत नाही. आमचा सचिव कितीही प्रामाणिक असला तरी धनादेशावर आम्ही दोन सह्या घेतो.

उद्या सकाळी प्रतिनिधींना शारदानगर येथील कृषि विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर नेण्याची व्यवस्था केली आहे. तेथे यंत्रांपाशी जितका वेळ घालवाल, तितकाच पाटकऱ्यांशी व ऊस उत्पादकांशी बोलण्यात घालवावा, आपल्या आकृतीतील प्रत्येक चौकट त्यांना समजावून सांगावी, आणि ज्या चौकटीपाशी त्यांनी "हे कोण ठरविणार?" असे विचारले, ती चौकट दुपारच्या सत्रात चर्चेस ठेवावी. आमच्या व्यवस्थेतील उणिवा पोटात घालून आपण येथे सुखाने राहावे. आता अध्यक्षमहाराजांनी परिषदेची सूत्रे आपल्या हाती घ्यावीत, अशी मी त्यांना स्वागत समितीच्या वतीने विनंती करतो.