गाडीच्या खोलीची कडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या दिवशी कोणी लोणच्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. मला मात्र कडी-कोयंड्यावर बोलावयाचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सुतारकाम मला येत नाही. पण मागच्या वैशाखात आमच्या गाडीच्या खोलीचे कवाड नव्याने बसविले, तेव्हा चार दिवस सुताराच्या नि लोहाराच्या मागे उभी राहून मी एकेक गोष्ट विचारून घेतली. तीच आज सांगते.

आपल्या भंडारा जिल्ह्यात मुद्दाम बांधलेले गॅरेज नव्या वसाहतींतच दिसते. खेड्यात आणि जुन्या मोहल्ल्यांत पूर्वीचा कोठा किंवा बंडी ठेवण्याची पडवी हीच आता गाडीची खोली झाली आहे. बैल गेले, तेथे स्कूटर नाही तर ट्रॅक्टर आला. शेजारी पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, आणि दिवाळीनंतर धानाची पोती. माल महागाचा झाला, कवाड मात्र तेच राहिले. ते गाय बाहेर जाऊ नये म्हणून केलेले होते, चोर आत येऊ नये म्हणून नव्हे.

चोरालाही आपले पंचांग ठाऊक असते. रोवणीच्या दिवसांत घरे दिवसभर रिकामी. आणि दिवाळीनंतर मंडई भरली, झाडीपट्टीचे नाटक लागले, की सारे गाव रात्रभर मांडवात. अशाच एका मंडईच्या रात्री आमच्या मोहल्ल्यातील एका घरची मोटर गेली. सकाळी पाहतात तो कुलूप जसेच्या तसे बंद, आणि कुलुपासकट अख्खा अल्ड्रॉप जमिनीवर! अर्ध्या इंचाचे चार स्क्रू आणि जुनी फळी. सब्बलीच्या एका हिसक्यासरशी सारे निघून आले. त्या घरच्या वहिनी रडत म्हणाल्या, "एवढे भारी कुलूप घेतले होते हो!"

भारी कुलपांची आपल्याकडे वाण नाही. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ साली कुलपे करावयास प्रारंभ केला, त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. अलीगढची कुलपेही गावोगाव मिळतात. पण कुलूप लटकते कडीवर, आणि कडी टिकते स्क्रूवर. कुलूप आपण चार दुकाने हिंडून घेतो, आणि स्क्रू दुकानदार पुडीत बांधून देईल ते.

तेव्हा पहिले काम हे, की अल्ड्रॉप आणि कोयंडा स्क्रूने न ठोकता आरपार बोल्टने बसवावा. त्यासाठी गोल, गुळगुळीत डोक्याचा बोल्ट मिळतो. डोक्याखाली त्याची मान चौकोनी असते. ती लाकडात रुतून बसते, त्यामुळे बाहेरून बोल्ट फिरवता येत नाही. वायसर आणि नट आतल्या बाजूस. याला कॅरेज बोल्ट म्हणतात. कॅरेज म्हणजे गाडी. पूर्वी लाकडी गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडण्यासाठी तो निघाला, तोच आता गाडीच्या खोलीला उपयोगी पडतो याची मला मौज वाटली. आमच्या सुताराने तर आतून नटाखाली लोखंडाची लांब पट्टी दिली, म्हणजे ओढ एका ठिकाणी न पडता फळीभर वाटली जाते.

दोन झडपांचे कवाड असेल तर आधी आतल्या झडपेकडे पाहा. ती जागची हालत असेल तर बाहेर कितीही मोठे कुलूप लावा, दोन्ही झडपा मिळून आत दबतात आणि फटीत सब्बल शिरते. त्या झडपेला एक बोल्ट वर चौकटीत आणि एक खाली जमिनीत गेलाच पाहिजे. खाली सिमेंटमध्ये लोखंडी नळीचा तुकडा बसवून घ्यावा. त्यात माती नि धानाचा कोंडा भरतो आणि बोल्ट अर्धाच उतरतो. झाडताना काडीने ती नळी कोरावी. शिवाय आषाढात फळी फुगते, वैशाखात आवळते. म्हणून ते भोक कवाडाच्या रुंदीच्या दिशेने किंचित लांबट ठेवावयास सांगावे. नाही तर पावसाळ्यात बोल्ट बसत नाही, आणि मग आपण "राहू दे आता" म्हणून तो तसाच सोडतो.

कवाड बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेर असतात. त्या ठोकून काढल्या की कुलुपाला हात न लावता कवाड निघते. लोहाराकडून खिळीची दोन्ही टोके ठोकून चपटी करून घ्यावीत. पाच मिनिटांचे काम आहे. लोखंडी शटर असणाऱ्यांनी दोन्ही टोकांच्या कुलपांवर न राहता मध्येही एक कुलूप बसवावे, कारण शटर मधोमध उचकटले जाते.

आता स्वयंपाकघराचे. पुष्कळ घरी गाडीच्या खोलीतून आत एक लहान दार असते आणि त्याला बोटाएवढी कडी. चोर एकदा गाडीच्या खोलीत शिरला की तो रस्त्यावरून दिसत नाही, आणि सब्बल, कुऱ्हाड, शिडी आपणच तेथे त्याच्यासाठी ठेवलेली असते! ज्यांचे मालक कामानिमित्त नागपूरला राहतात, त्या बहिणींनी या दाराला घरातून जाड अडसर लावावा. मात्र तो म्हाताऱ्या सासूबाईंनाही अंधारात काढता यावा. आग लागली तर किल्ली शोधण्यास वेळ नसतो.

किल्ली कवाडाशेजारच्या खुंटीला टांगू नये. कुलपाच्या भोकात तेल घालू नये, त्यावर धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी. आणि कवाड फोडलेले दिसले तर एकटीने आत जाऊ नये, कडीला हात लावू नये. आधी शेजारी हाक मारावी आणि ११२ वर पोलिसांना कळवावे.

आमच्याकडे या साऱ्याला एका सणाच्या साडीपेक्षा अधिक खर्च आला नाही. घरात प्रथम "तुला काय कळते त्यातले?" असे झाले, तेव्हा मी जुन्या कडीचा एक स्क्रू नखाने फिरवून काढून दाखविला. पुढे कोणी काही बोलले नाही.

ज्यांना ते बोल्ट प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांनी दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे. सुतारालाही निरोप देता येईल. येताना आपल्या कवाडाच्या फळीची जाडी मात्र दोरीने मोजून आणा, कारण बोल्टची लांबी त्यावरच ठरते.