घटनादुरुस्ती आणि आपली ग्रामसभा



गिरणीच्या पाळ्या करता करता आम्ही जे वाचलं, त्यातलं थोडं आज मांडतो. शहापूर-मुरबाडकडे गावी गेलो की लोक विचारतात, "त्या जुन्या घटनादुरुस्त्यांचा आज आम्हाला काय उपयोग?" बंधूंनो, दुरुस्ती जुनी झाली म्हणून बाद होत नाही. ती घटनेचाच भाग बनते.

पहिली दुरुस्ती 1951 ची. मद्रास राज्यातील कॉलेजच्या राखीव जागा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवल्या. मग बाबासाहेब कायदामंत्री असताना कलम 15 मध्ये चौथे पोटकलम आले. आज आपली पोरं राखीव जागेवर कॉलेजात जातात, ती त्याच्याच आधाराने.

73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आल्या. महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 पासून त्या निम्म्या झाल्या.

शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे, म्हणून सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते. यावर आपलीच काही माणसं कुरकुर करतात. आपल्या राखीव जागांवर दुसरे बोट ठेवतात तेव्हा आपल्याला किती लागतं! मग कातकरी, ठाकूर, वारली बांधवांच्या हक्कावर आपण बोट ठेवायचं का? सरपंच कोणीही असो, ग्रामसभेत आपलं मत सरपंचाइतकंच मोलाचं आहे.

पण मत द्यायला सभेला जावं लागतं. शिपाई घरी वही घेऊन येतो, आपण न वाचता सही करतो आणि ठराव मंजूर होतो. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे आपल्या वस्तीतून कितीजण विचारतात? पाणी नाही, गटार नाही, म्हणून विहाराच्या ओट्यावर बोलून काय होणार?

म्हणून तीन गोष्टी करा. सभेची नोटीस वाचा. महिलांच्या सभेला आया-बहिणींना पाठवा. आणि ठराव वाचल्याशिवाय सही करू नका. दिल्लीत मिळालेला हक्क गावात आपल्यालाच बजवावा लागतो.

जयभीम! जय भारत!