आजीची वाटी नेमकी किती ग्रॅमची?

आज स्वयंपाकघरातलं गणित. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

गेल्या दिवाळीत मला बेसनाच्या लाडवांची पहिली ऑर्डर मिळाली, पैसे देऊन. सोसायटीतल्या एका काकूंची, दीड किलो. कृती आजीची, फोनवर लिहून घेतलेली: चार वाट्या बेसन, दीड वाटी तूप, तीन वाट्या पिठीसाखर. आता ऑर्डर किलोत आहे म्हटल्यावर मी वाटीचे ग्रॅम शोधायला बसलो. एका ठिकाणी दिसलं, एक कप म्हणजे 200 ग्रॅम. झालं! बेसन 800, तूप 300, साखर 600.

लाडू वळेनात. मूठ उघडली की भुगा. चव घेतली तर नुसती साखर. महिनाअखेर होती, तुपाचा डबा संपलेला, आणि काकूंना संध्याकाळी लाडू द्यायचे होते.

चूक कुठे झाली? तो 200 चा आकडा खरा होता, पण दाणेदार साखरेचा. वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. 240 मिलीच्या कपात साखर साधारण 200 ग्रॅम बसते, मैदा 120-125, मध 340 च्या आसपास. गंमत म्हणजे तीच साखर दळून पिठी केली की कपात जेमतेम 120 ग्रॅम मावते, कारण मध्ये हवा. आणि कप तरी एकच आहे का? कुठे 240 मिली, कुठे 250, राइस कुकरसोबत येतो तो 180. आपल्याकडे तर पूर्वी ‘शेर’ हा शब्द वजनालाही चालायचा आणि मापालाही, त्यामुळे गोंधळ काही नवा नाही.

आजीला फोन लावला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “आणखी पाव किलो बेसन घे, तेवढ्याच तुपात भाज, आणि त्यात मिसळ.” मग हळूच विचारलं, “बेसनाची वाटी शिगेची घेतलीस ना रे?”

शीग! हे कुठे लिहिलं होतं?

“त्यात सांगायचं काय?”

काकूंकडून एक दिवस मागून घेतला. तूप उधारीवर आणलं. लाडू वळले.

पुढच्या आठवड्यात काटा घेऊन साताऱ्याला गेलो. आजीचे हात आता थरथरतात, भाजायला ती बसत नाही, म्हणून म्हटलं हे आत्ताच करून ठेवू. रिकामी वाटी काट्यावर ठेवली, आकडा शून्य केला, काठोकाठ पाणी भरलं. 160 ग्रॅम. पाण्याचा एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम, म्हणजे वाटी 160 मिलीची. मग वाटी पुसून तिच्याच हाताने भरायला लावली. बेसन सपाट भरलं तर 80 ग्रॅम, तिच्या शिगेने 105. पाच वेळा भरलं, 101 ते 108 मध्ये फिरत राहिलं, मी मधला आकडा धरला. पिठीसाखर बोटाने सपाट केलेली, 80. पातळ तूप 145.

आता हिशोब बघा. बेसन 420, तूप साधारण 220, साखर 240. तिच्या कृतीत तूप बेसनाच्या निम्म्याहून थोडं जास्त, माझ्यात एक तृतीयांशाच्या जरा वर. आणि फोनवर तिने वाढवायला सांगितलेलं पाव-पाव किलो माझ्या आकड्यांत मिळवलं, तर 1050 ला 550 आणि 600. म्हणजे प्रमाण तेच! बाईने काटा आयुष्यात वापरलेला नाही.

तर मंडळी, तुमच्याकडे घरातली कुठली कृती वाट्यांत अडकली असेल, तर त्या वाटीत पाणी भरून वजन करा, आणि भरणाऱ्या माणसालाच वाटी भरू द्या. आकडा व्हॉइस नोटने पाठवा. शीग की सपाट, तेही सांगा. मी पुढच्या वेळी आजीच्या अनारशांचे तांदूळ मोजणार आहे, भिजवण्याआधी आणि नंतर.