‘अनसब म्हणजे काय, मामू?’

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेली अठ्ठावीस वर्षं मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी केली आणि फावल्या वेळात कविता लिहिल्या. खरं तर हे उलट सांगायला हवं, पण घरी ते कुणाला पटत नाही. असो. सांगायचा मुद्दा असा, की कर्ज आणि पुरस्कार या दोन्ही गोष्टी मला जवळून माहीत आहेत. कर्जाचे कागद मी हजारोंनी तयार केले. पुरस्कार मिळाले चार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पाकीट. पाकिटात कधी पाचशे एक, कधी एक हजार एक. पण दिलेली रक्कम व्याजासह परत करा, असं पत्र त्यातल्या एकाही संस्थेनं मला नंतर पाठवलं नाही.

२०२५च्या एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळी साडेसातला माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती शिकागोजवळ राहते. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते. बाई रडत होती, पण आनंदानं. ‘‘भाईजान, पोरीला अवॉर्ड मिळालं. एक्केचाळीस हजार डॉलरचं! कॉलेज फुकटात झालं.’’

माझे मेहुणे तिकडे एका गोदामात रात्रपाळी करतात. भाची सहा वर्षांची असताना सगळे ग्रीन कार्डावर गेले. बहीण मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. आमच्या घरात बोलणं दखनी, पण पाढे मराठीत पाठ केलेले. त्यामुळे हिशेब ती आजही मराठीतच करते. एक्केचाळीस हजार गुणिले चार हा गुणाकार तिनं फोन करण्याआधीच उरकला होता. मी म्हटलं, ‘‘फार छान. पत्राचा फोटो पाठव.’’

पतसंस्थेची सवय. कागद पाहिल्याशिवाय आनंद होत नाही.

पत्र सुबक होतं. वर अभिनंदन, खाली सहा ओळी. कॉलेजची ग्रँट १३ हजार. पेल ग्रँट ५ हजार. मग ‘डायरेक्ट सब’ साडेतीन हजार, ‘डायरेक्ट अनसब’ दोन हजार, ‘वर्क-स्टडी’ अडीच हजार आणि ‘पॅरेंट प्लस’ १५ हजार. एकूण अवॉर्ड ४१ हजार. वर्षाचा खर्च ४१ हजार. शिल्लक शून्य.

भाची फोनवर आली. ती इंग्रजीतच वाढलेली. तरी तिनं विचारलं, ‘‘अनसब म्हणजे काय, मामू?’’ मी म्हटलं, ‘‘मला काय माहीत? पण ज्या शब्दाची शेपटी तोडलेली असते, त्यात काहीतरी लपवलेलं असतं.’’ मग दोन-तीन आठवडे आम्ही मामा-भाची सकाळ-संध्याकाळ शब्दच सोडवत बसलो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची माहिती संकेतस्थळावर सगळी आहे. शब्दकोश माझा, इंग्रजी तिचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्याकडची पुष्कळ मुलं तिकडे शिकायला जातात. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना अमेरिकी केंद्र सरकारची ही मदत मिळत नाही. ती तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या काही ठरावीक बिगर-नागरिकांना मिळते. या दुसऱ्या गटाचं सरकारी नाव ‘एलिजिबल नॉनसिटिझन’. ही मुलगी अर्ज भरत होती तेव्हा तिच्याकडे ‘एलियन’ क्रमांक मागितला होता. एलियन म्हणजे परका. परका आहेस, पण पात्र आहेस. बहीण म्हणाली, ‘‘सासरी आल्यासारखंच झालं की.’’

ही सगळी मदत १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यातून निघते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी टेक्सासमध्ये, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते तिथे जाऊन, त्यावर सही केली. त्या कायद्याचा चौथा भाग विद्यार्थ्यांच्या मदतीचा, म्हणून कचेरीच्या भाषेत या पैशाला ‘टायटल फोर’ म्हणतात. मला वाटलं होतं, कवितेला असतं तसं शीर्षक असेल! ‘पेल’ हा शब्द मात्र सरळ निघाला. ते माणसाचं नाव आहे. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल. गरीब घरच्या मुलांसाठीची ही ग्रँट १९७२ साली दुसऱ्या नावानं सुरू झाली आणि १९८०मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. हा पैसा साधारणपणे परत करावा लागत नाही. २०२५-२६ला तो जास्तीत जास्त ७३९५ डॉलर होता.

आता त्या शेपट्या. ‘सब’ म्हणजे सबसिडाइज्ड आणि ‘अनसब’ म्हणजे अनसबसिडाइज्ड. पुढचा शब्द पत्रात छापलाच नव्हता. तो शब्द ‘लोन’. पहिल्या प्रकारात मूल शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. दुसऱ्यात पैसे उचलल्या दिवसापासून व्याज चढायला लागतं. २०२५-२६च्या पदवी अभ्यासक्रमांसाठी हा दर ६.३९ टक्के होता. ‘डायरेक्ट’ म्हणजे मध्ये बँक नाही, सावकार खुद्द सरकार. २०१०च्या जुलैपासून सगळी नवी केंद्रीय कर्जं अशीच दिली जातात.

मला वाटलं, हे एखाद्याच कॉलेजचं चातुर्य असेल. तसं नव्हतं. २०१८मध्ये ‘न्यू अमेरिका’ आणि ‘यूअ‍ॅस्पायर’ या संस्थांनी अशी पत्रं गोळा करून तपासली. अनसब कर्ज देऊ करणारी ४५५ कॉलेजं होती आणि त्या एकाच कर्जाला त्यांनी मिळून १३६ नावं दिली होती. त्यातल्या चोवीस नावांत ‘लोन’ हा शब्दच नव्हता. आम्ही कवी एका चंद्राला पंधरा-वीस नावं देऊन दमतो! पुढे २०१९मध्ये शिक्षण खात्यानं कॉलेजांना सुचवलं, की ‘अवॉर्ड’ हा शब्द टाळा, ‘ऑफर’ म्हणा. २०२२मध्ये तिथल्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या यंत्रणेचा अहवाल आला. त्यांच्या अंदाजानं ९१ टक्के कॉलेजं विद्यार्थ्याच्या खिशातून नक्की किती जाणार, तो आकडा एक तर देत नाहीत किंवा कमी करून दाखवतात.

‘पॅरेंट प्लस’वर मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. हे कर्ज आईबापांच्या नावावर असतं आणि पुढे मुलाच्या नावावर करता येत नाही. दर त्या वर्षी ८.९४ टक्के, वर हातात पडण्याआधीच सव्वाचार टक्क्यांच्या आसपास फी कापून घेणार. म्हणजे १५ हजारांतले सहाशेहून अधिक डॉलर आधीच गेले. आमच्या पतसंस्थेत पन्नास हजार रुपयांसाठी दोन जामीनदार आणि पगारपत्रक लागतं. इथे माणसानं जुनं कर्ज बुडवलंय का, एवढंच पाहतात. त्याची मिळकत किती, हे फेडणं त्याला झेपेल का, हे विचारतच नाहीत. ज्या घराला गरीब म्हणून पेल ग्रँट दिली, त्याच घरापुढे त्याच कागदावर हे कर्ज ठेवलेलं! (२०२५च्या नव्या कायद्यानं १ जुलै २०२६पासून या कर्जाला वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा घातली. आमच्या पत्रातला आकडा मर्यादेच्या आतलाच होता.)

‘वर्क-स्टडी’ वाचून मी हळवा झालो. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत मी स्वतः कॉलेजच्या बागेला पाणी घातलंय. ही योजना साधारण तशीच. पण ते अडीच हजार आधी मिळत नाहीत. काम शोधायचं, तास भरायचे, मग पगार. फी मात्र त्याआधी भरायची असते. कचेरीत कर्ज आणि हे काम या दोन्हींना मिळून ‘सेल्फ-हेल्प’ असं नाव आहे. काम म्हणजे स्वावलंबन, हे कळतं. कर्जाला स्वावलंबन म्हणायचं, हे आमच्या संस्थेच्या अहवालातसुद्धा कधी कुणाला सुचलं नाही.

म्हणजे खरी देणगी १८ हजारांची. साडेवीस हजारांचं कर्ज आणि उरलेली मजुरी. आणि हे एका वर्षाचं.

मेहुण्यांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. हा माणूस व्याज घेत नाही आणि देत नाही. त्यापायी सोळा वर्षं भाड्याच्या घरात राहिला. ज्यांच्या पाया पडून पैसे उभे करता आले असते त्यांच्याकडेही तो गेला नाही. मी आयुष्यभर व्याजाच्याच कागदांवर पोट भरलं, त्यामुळे या विषयावर आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. त्या दिवशी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मी तर ‘अ‍ॅक्सेप्ट’वर बोट ठेवणार होतो. अभिनंदन लिहिलं होतं ना.’’ प्लसची वचनचिठ्ठी त्यांनी अजून सही केली नव्हती, एवढंच नशीब. तिला ‘मास्टर प्रॉमिसरी नोट’ म्हणतात आणि एका सहीवर दहा वर्षांपर्यंत नवी नवी कर्जं उचलता येतात.

सगळेच शब्द फसवे आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी प्रत्येक कुटुंबाचा एक आकडा काढत, त्याला ‘अपेक्षित कौटुंबिक वाटा’ असं नाव होतं. लोकांना वाटायचं, आपल्याला एवढेच भरायचे आहेत. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त भरावे लागत. २०२४-२५पासून तो शब्द काढला आणि ‘स्टुडंट एड इंडेक्स’ असा रुक्ष शब्द आणला. हा आकडा शून्याच्या खाली उणे पंधराशेपर्यंत जाऊ शकतो. नव्या शब्दातून काहीच कळत नाही, म्हणून निदान खोटं तरी कळत नाही. ‘व्हेरिफिकेशन’ही निरुपद्रवी निघालं. ते पत्र आलं तेव्हा मेहुण्यांची झोप उडाली होती. आपल्या मनात व्हेरिफिकेशन म्हणजे पासपोर्टसाठी दारात उभा राहणारा हवालदार. त्यात आमचं नाव असलं की शेजारीही डोकावतात. तिथे फक्त अर्जातले काही आकडे कागदपत्रांशी ताडून पाहतात. कुणी घरी येत नाही. ‘ग्रेस पिरियड’ म्हटल्यावर मला अर्थातच आधी कवी ग्रेस आठवले. तिथे त्याचा अर्थ कॉलेज संपल्यावर हप्ते सुरू होण्याआधीचे सहा महिने. आणि ‘फॉरबेअरन्स’! शब्दकोशात याचा अर्थ सबुरी, क्षमाशीलता. सब्र म्हणा ना. हप्ता भरणं तात्पुरतं थांबवता येतं, पण व्याज थांबत नाही. असा सब्र सावकारालाच परवडतो.

पण एका शब्दानं आमचं काम केलं. तो म्हणजे ‘प्रोफेशनल जजमेंट’. २०२५-२६च्या अर्जात २०२३ची मिळकत धरली होती. त्या वर्षी मेहुणे दोन नोकऱ्या करत होते. २०२४मध्ये दुसरी सुटली. अर्जात हे सांगायला जागाच नाही. मात्र कॉलेजच्या मदत-अधिकाऱ्याला कायद्यानं अधिकार दिलाय, की कागद पाहून, त्या एका विद्यार्थ्यापुरता, त्यानं आकडे बदलावेत. आपण ज्याला साहेबांच्या अखत्यारीतली बाब म्हणतो, ती ही. फक्त ती आपण होऊन कुणी सांगत नाही. भाचीनं आधी फोनवर ‘आम्हाला परवडत नाही हो’ असं तीनदा सांगितलं होतं; तिन्ही वेळा गोड उत्तर मिळालं. चौथ्यांदा तिनं लेखी विनंती केली, ‘विशेष परिस्थिती’ हे त्यांचेच शब्द वापरले आणि नोकरी सुटल्याचा कागद जोडला. दहा दिवसांत पेल ग्रँट पाच हजारांवरून ७३९५वर गेली.

तरीही वीस हजारांचा खड्डा राहिलाच. १ मे जवळ आला होता. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिथे बहुतेक कॉलेजांत जागा नक्की करायचा शेवटचा दिवस. भाचीला ते कॉलेज मनापासून हवं होतं. तिनं विचारलं, ‘‘मी वेगळी राहिले, स्वतः कमावलं तर?’’ तर नाही. लग्न, सैन्यातली नोकरी, अनाथपण अशी काही कारणं सोडली, तर चोवीस वर्षांपर्यंत पदवीचा विद्यार्थी ‘डिपेंडंट’च. भाडं स्वतः भरत असला तरी. त्या रात्री ती कुणाशी बोलली नाही. मीही फोन केला नाही. शब्दांचे अर्थ सांगणारा मामू अशा वेळी नकोसाच होतो.

तिनं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. दोन वर्षं तिथे, मग पुढे बदली. एका कॉलेजनं केलेला बदल दुसऱ्याला बंधनकारक नसतो, म्हणून विनंती पुन्हा केली, तेच कागद पुन्हा जोडले. ती मान्य झाली. घरून ये-जा असल्यानं पेलमध्ये फी आणि पुस्तकं भागली.

जुलैत त्या कॉलेजचं पत्र आलं. चारच ओळी होत्या आणि वर ‘ऑफर’ असं लिहिलं होतं. तिसरी ओळ तीच, दोन हजार, ‘अनसब’. समोर दोन चौकटी, एक स्वीकारण्याची, एक नाकारण्याची. व्हिडिओ कॉलवर भाची, तिच्यामागे बहीण, तिच्यामागे कामावर निघालेले मेहुणे. भाचीनं दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि मला विचारलं, ‘‘मामू, अम्मीला सांगायचंय. ‘डिक्लाइन’ला मराठीत काय म्हणतात?’’

‘‘नको,’’ मी म्हटलं.