दुसऱ्या पंगतीचे आश्वासन
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 मनमाड हे पाण्याची ददात असलेले गाव. पण रेल्वेने इथे चारी दिशांची माणसे आणून वसवली आणि कामगार चळवळीच्या इतिहासात या गावाला मानाचे पान मिळाले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद याच मनमाडला भरली होती आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या देशातील कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथे ठणकावून सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असे आपल्याला म्हणायचे नसून स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार असे म्हणायचे आहे, हेही त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट केले. त्यांच्या म्हणण्याला रोजच्या अनुभवाचा आधार होता. रेल्वेत अस्पृश्याला गँगमनच्या पुढे जाता येत नव्हते. पोर्टरचे साधे कामही मिळत नव्हते, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि तिथे विटाळ आडवा येई. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीचे विणकाम खाते त्यांना बंद होते. जात पाहूनच काम मिळे आणि काम पाहून पगार. आपली परिषद जात आणि मजुरी यांच्या ज्या प्रश्नावर भरली आहे, तो असा या गावाच्या चांगल्या ओळखीचा आहे.

आज मी हा प्रश्न अमेरिकेच्या इतिहासातून मांडणार आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. जात आणि वंश एक नव्हेत, हे मला मान्य आहे; जातीचे मूळ वंशात शोधणारा सिद्धांत बाबासाहेबांनीच खोडून काढला होता. तरीही पुरोगामी राजकारणाने मोठे आर्थिक कार्यक्रम आखले तेव्हा कोणाला गाळले आणि त्या गाळण्याचे पुढे काय झाले, याचा नव्वद वर्षांचा पुरावा तिथल्या कायद्यांच्या कलमांत आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की, वर्णद्वेषाचा प्रश्न पुढे ढकलून केलेला आर्थिक न्याय अपुराच राहतो, आणि तो केवळ काळ्या माणसासाठी नव्हे, गोऱ्या गरिबासाठीही अपुरा राहतो.

महामंदीनंतर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आणलेला ‘न्यू डील’ कार्यक्रम हा अमेरिकन पुरोगामी राजकारणाचा कळस मानला जातो. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणाचे पेन्शन आणि बेकारी विमा आला. त्याच वर्षीच्या वॅग्नर कायद्याने युनियन बांधण्याच्या हक्काला संरक्षण मिळाले. १९३८ साली ताशी २५ सेंट किमान वेतन ठरले. या तिन्ही कायद्यांनी शेतमजूर आणि घरकामगार यांना बाहेर ठेवले. कायद्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण त्या काळी काम करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक लोक याच दोन कामांत होते. संसदेतील महत्त्वाच्या समित्या दक्षिणेकडील डेमोक्रॅट खासदारांच्या हाती होत्या आणि कापसाच्या मळ्यातला मजूर सरकारी आधारावर मालकाला ‘नाही’ म्हणू लागेल, हे त्यांना परवडणारे नव्हते. शेतमजूर आणि मोलकरणींकडून कर गोळा करणे अवघड होते म्हणून त्यांना वगळले, असे काही अभ्यासक सांगतात आणि त्या म्हणण्यात तथ्यांश आहे. तेच अभ्यासक आणखी एक गोष्ट दाखवून देतात: पेन्शनमधून वगळलेल्या मजुरांत संख्येने गोरे अधिक होते. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. काळ्या मजुराला स्वस्त ठेवणाऱ्या व्यवस्थेला हात लावायचा नाही असे ठरले, तेव्हा त्याच मळ्यात राबणारा गोरा वाटेकरीही पेन्शनला मुकला. वर्णाचा अहंकार त्याला मिळाला, म्हातारपणाची सोय मिळाली नाही.

यातले काही पुढे दुरुस्त झाले, पण फार सावकाश. नियमित कामावरच्या शेतमजूर आणि घरकामगारांना पेन्शन १९५० साली लागू झाले. किमान वेतन शेतमजुरांपैकी काहींना १९६६ मध्ये आणि घरकामगारांना १९७४ मध्ये मिळाले. वॅग्नर कायद्याचे संरक्षण त्या दोघांनाही आजतागायत नाही. दरम्यान मालमत्ता उभी करण्याचा काळ निघून गेला होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने घरासाठी आणि धंद्यासाठी सरकारी हमीचे कर्ज मिळू लागले. पण ते द्यायचे की नाही हे स्थानिक बँका ठरवत. १९४७ साली मिसिसिपीतील १३ शहरांची पाहणी झाली, तेव्हा ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेली कर्जे होती दोन. शहरांच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोक्याच्या’ ठरवल्या गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. त्या काळात घेतलेले घर पुढच्या पिढीचे शिक्षण झाले, धंद्याचे भांडवल झाले, आजारपणातला आधार झाले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९०० डॉलर भरली. हे अंतर कमाईच्या आळसातून पडलेले नाही. ते सरकारी हमीने पडलेले आहे.

आता गोऱ्या कामगाराचे काय झाले ते पाहू. १९४६ मध्ये सीआयओ या कामगार महासंघाने दक्षिणेत युनियन बांधण्याची मोठी मोहीम काढली. वर्णाचा प्रश्न काढला तर गोरे बिथरतील म्हणून तिच्या नेत्यांनी तो टाळला, आणि जिथे जवळजवळ सगळे कामगार गोरे होते त्या कापडगिरण्यांवर भर दिला. गिरणीमालकांनी तरीही काळ्या-गोऱ्यांच्या बरोबरीची भीती घालायची ती घातलीच, आणि मोहीम फसली. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने युनियनचे बळ तोडणारे कायदे करण्याची मुभा राज्यांना दिली. दक्षिणेतील राज्यांनी ती हिरिरीने वापरली. पुढे उत्तरेतले कारखाने कमी मजुरीच्या शोधात तिकडेच सरकले आणि उत्तरेतल्या युनियनवाल्या गोऱ्या कामगाराला आपल्या मजुरीची घासाघीस दक्षिणेतल्या दराशी करावी लागली. अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना, साउथ कॅरोलायना आणि टेनेसी या पाच राज्यांनी आजही स्वतःचे किमान वेतन ठरवलेले नाही; तिथे चालतो तो २००९ पासून न वाढलेला ताशी ७.२५ डॉलरचा केंद्रीय दर. तो दर गोऱ्या मजुरालाही लागू आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. दक्षिणेच्या मतांवाचून न्यू डील मंजूरच झाले नसते. अर्धी भाकरी नाकारून उपाशी राहायचे होते काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. १९३६ साली कृष्णवर्णीय मतदारांनीही रूझवेल्टना मोठ्या बहुमताने कौल दिला, कारण अर्ध्या भाकरीचे मोल भुकेल्यालाच कळते. तडजोड करावी लागणे आणि तडजोडीलाच तत्त्व मानणे यांत मात्र फरक आहे. ज्यांना गाळले त्यांना सांगितले गेले की तुमचे नंतर पाहू. आपल्याकडे दुसऱ्या पंगतीला बसवलेल्यांना ठाऊक आहे की पहिली पंगत उठेपर्यंत भांड्यात काय उरते. ज्यांना पहिल्या कायद्यात जागा मिळाली, त्यांना पुढच्या पिढीत तो कायदा आपला हक्क वाटू लागला आणि नव्याने मागणारा घुसखोर. तडजोड करायचीच असेल तर गाळलेल्यांची नावे, दुरुस्तीची मुदत आणि तिची जबाबदारी यांची नोंद त्याच ठरावात झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक परिचयाचा: वर्णाचा, जातीचा विषय काढला की कामगारांची फूट पडते. मनमाडच्या परिषदेवर हाच आरोप झाला होता. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की फूट आधीपासूनच आहे. ती पाडणारा भेदभाव काढा, एकी आपोआप होईल. त्याच वर्षी, म्हणजे १९३८ साली, ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अमेरिकेत ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय पोर्टरांची युनियन बांधली, बारा वर्षे झुंजून ती शयनयाने चालवणाऱ्या पुलमन कंपनीशी करार केला, आणि १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा देऊन युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील भेदभावाला मनाई करणारा अध्यक्षीय आदेश मिळवला. २८ ऑगस्ट १९६३ च्या ज्या मोर्चातले मार्टिन लूथर किंग यांचे भाषण जगाला पाठ आहे, त्याचे नावच ‘रोजगार आणि स्वातंत्र्य’ यांसाठीचा मोर्चा असे होते. किमान वेतन १.१५ डॉलर असताना त्याने दोन डॉलर मागितले, बेकारांसाठी सरकारी कामे मागितली, वगळलेल्या सगळ्या धंद्यांना वेतन कायदा लावा असे म्हटले. या मागण्या मान्य झाल्या असत्या तर लाभ घेणाऱ्यांत गोरेच संख्येने अधिक असते. तरी देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाच्या कार्यकारिणीने मोर्चाला पाठिंबा दिला नाही. मग फूट पाडली कोणी?

उलट दिशेची चूकही तितकीच खरी आहे. वर्णाचा प्रश्न म्हणजे वरच्या खुर्च्यांवर काही काळे चेहरे, एवढाच अर्थ घेतला तर खालचा माणूस जिथल्या तिथे राहतो. २००८ च्या गृहकर्ज संकटात महागडी, बुडीत जाणारी कर्जे कृष्णवर्णीय वस्त्यांत अधिक खपवली गेली होती. त्याच वर्षी देशाने पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडला, पण ती घरे वाचली नाहीत. याउलट मेम्फिसच्या सफाई कामगारांनी दोन्ही प्रश्न एकत्र धरले. १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचरा दाबणाऱ्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन कामगार मेले. १२ फेब्रुवारीला १,३०० कामगार संपावर गेले. मागणी पगाराची आणि युनियनच्या मान्यतेची होती. हातातल्या पाट्यांवर लिहिले होते, ‘मी माणूस आहे’. त्यांच्या पाठिंब्यासाठी गेलेले मार्टिन लूथर किंग ४ एप्रिलला तिथेच मारले गेले. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली आणि पगारवाढही दिली. तिथे माणूसपणाची मागणी पगाराच्या आड आली नाही. तिनेच त्या संपाला बळ दिले.

प्रतिनिधी मित्रहो, पुढचे दोन दिवस आपण ठराव कराल. ऊसतोड कामगार, कंत्राटी सफाई कामगार, घरकामगार यांच्याविषयी ठराव होतील. त्यांची जात आणि त्यांची मजुरी वेगवेगळ्या सत्रांत वाटून देऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोणतीही मागणी लिहिताना ती कोणाला मिळणार नाही हे आधी विचारा, आणि ज्यांची नावे सुटतील त्यांनाच मसुदा लिहायला बसवा. सर्वांत कमी मजुरीच्या माणसाची मजुरी वाढल्याखेरीज त्याच्या वरच्या कोणाचीही मजुरी सुरक्षित नाही, हे अमेरिकेतल्या गोऱ्या कामगाराने मोठी किंमत मोजून शिकलेले आहे. आपण ते फुकट शिकू शकतो. 

जय जोती, जय भीम!